नानांच्या मॉनिटरमध्ये गणपती

हॅलो?… हां, दिपिका. बोल… नाही, तुझ्याच फोनची वाट बघत होते. थांब, आधी मी बोलते. नाना डोळ्याच्या ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाले होते, "ऋतुजा, दिपिका आली तर मशिनच्या खोलीची किल्ली देऊ नको." मी हसले. म्हटलं, नाना, सख्ख्या लेकीवर कुणी असा संशय घेतं का… हो, हसले. आणि तू टेम्पो घेऊन आलीस तेव्हा चहा पाजून वर किल्ली हातात दिली.

…ओरडत नाहीये. पलीकडच्या खोलीत पडलेत ते. हळूच बोलतेय.

…अगं ऐक ना. तू काय म्हणाली होतीस? वहिनी, देखाव्यात जुने कम्प्युटर मांडायचेत, विसर्जन झालं की परत आणून देते. मांडायचेत म्हणालीस. फोडायचेत नव्हतीस म्हणाली. मग फॅमिली ग्रुपवर फोटो कसला टाकलास? मॉनिटरची काच काढलेली, आतलं सगळं उपसलेलं आणि खोक्यात गणपती.

…छान दिसतोय ना, नाही कशाला म्हणू? गणपतीला नावं ठेवत नाही मी. पण तुमच्या अख्ख्या हमरापुरात त्याला बसायला दुसरी जागा नव्हती का?

…तुझ्या नवऱ्याची, हितेशरावांची आयडिया. वाटलंच. त्यांना सांग, स्वतःचा टीव्ही फोडा आणि बसवा त्यात… हां, तो नवीन आहे. बरोबर.

एक मिनिट. ती प्रभावळीला चौकोनी चौकोनी काय चिकटवलीत?… कीबोर्डची बटणं?… सोनेरी रंग मारून? दिपिका, शाळेनं टाकून दिलेला तो कीबोर्ड नानांनी सायकलला बांधून आणला होता गो. एकेक बटण दात घासायच्या ब्रशनं धुतलं होतं.

मृणू, स्टुलावरून खाली. खाली म्हटलं ना… तुला नाही, मृणालीला. चढतेय कशावर तरी सारखी.

…भंगार? परत म्हण. भंगार असतं तर दर रविवारी एकेक मशीन पुसून, चालू करून बघत कोण बसलं असतं? चालू नाही ठेवलं तर आतून मरतात, असं म्हणतात नाना. तुझ्या दादाला सुद्धा हात लावू देत नाहीत. कॅसेटवरून गेम चढवायचा तो छोटा कम्प्युटर मृणूला दाखवला, तोही मांडीवर घेऊन, तिचे हात आधी पुसून… हो, आमच्या घरात जागा अडते, मग? मी तक्रार केली का कधी तुझ्याकडे?

…नाही, ऐक. तूच मला सांगितलं होतंस. लहानपणी तू जेवायची नाहीस, तेव्हा नाना पडद्यावर तुझं नाव पळवायचे. हिरव्या अक्षरात, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. नाव पडद्याबाहेर गेलं की एक घास. सांगितलं होतंस की नाही?… मग तोच तो मॉनिटर. तोच फोडलात.

…

रडू नको. रडून काय होणार आता? मला इथं रोज खोटं बोलावं लागतंय, त्याचं काय? पट्टी निघाल्यापासून एकच चाललंय, खोली उघड, मशिनं बघायचीत. किल्ली तांदळाच्या डब्यात लपवून ठेवलीय आणि त्यांना सांगते, हरवली, हे शिफ्टवरून आले की कुलूप तोडतील. डॉक्टरांनी बजावलंय, धूळ नको, डोळा चोळायचा नाही, रडायचं तर मुळीच नाही. तो डोळा एकदा बरा होऊ दे, मग मीच नीट बसवून सांगणार होते. तोवर कळू द्यायचं नाही, एवढंच धरून बसलेय मी. ग्रुपवरचा फोटोसुद्धा त्यांच्या मोबाईलमधून पुसून टाकला.

…तुझ्या गणपतीच्या कारखान्यात उरलंय काय मग?… पोत्यात? सगळं एकाच पोत्यात? नाही दिपिका, हळू नाही बोलणार. बापाची आयुष्यभराची वस्तू प्लास्टरच्या पोत्यात कोंबलीत आणि मीच हळू बोलू?

…थांब. काय म्हणालीस मृणू?… आजोबा नाहीत? अगं झोपलेत ते. हाक मार… मोरीत बघ.

दिपिका, एक मिनिट धर.

…

दिपिका, नाना नाहीयेत. मागचं दार उघडं आहे. चपला नाहीत… खुंटीवरची स्क्रूड्रायव्हरची पिशवी पण नाही. काळा गॉगल इथंच टेबलावर… मोबाईल पण इथंच, चार्जिंगला.

धोंडुबाई, ओ धोंडुबाई, आमचे नाना दिसले का?… कुठं?… स्टेशनकडे? कधी?… हाक नाय मारलीत?… बरं. बरं.

दिपिका, ऐकलं त्यांनी. सगळं ऐकलं. माझ्याच तोंडून. धोंडुबाईंना म्हणाले, लेकीकडे जातो, मशीन जोडून येतो.

…जाते ना, मृणूला उचलते आणि… हा भोंगा ऐकलास? सुटली गाडी. इथून सुटली बघ.

…नाही, भांडण राहू दे. माझं ऐक. आधी ते मूर्तींचं घासकाम बंद करायला सांग, कारखान्यात धुरळा नको. रंगाचा फवारा पण नको. पोतं रिकामं करा, जे आहे ते चादरीवर मांडून ठेवा. आणि तू हमरापूर स्टेशनवर जा. गॉगल घे कुणाचा तरी… आहे ना वेळ, पण तू आत्तापासून जाऊन उभी राहा. एका डोळ्यानं त्यांना पायरीचा अंदाज येत नाही, घरातल्या उंबऱ्याला अडखळतात. हात धर. डोळ्याला हात लावू देऊ नको… ओरडले तर ओरडू दे गो.

गाडी आली की शेवटच्या डब्यापर्यंत बघ. नाही दिसले तर लगेच फोन कर, दिसले तरी कर… हो, ठेवते. तू निघ. जा ना गो, बघ, नाना उतरतायत का.