धुतलेली वाटी

सून: बाबा, काल संध्याकाळी आपल्या मांजरीची, पिठीची वाटी कुणी धुतली?

बाबा: वाटीच ती. घरात कुणीही धुतं.

सून: कुणीही म्हणजे कोण? तुमचा मुलगा दुपारीच कामावर गेला होता. मी दुकानातून आले तेव्हा वाटी पालथी घातलेली, कोरडी ठणठणीत.

बाबा: मग मीच धुतली असेन. भांडी घासणं गुन्हा झाला का या घरात?

सून: धुतलीत तेव्हा ती रिकामी होती का?

बाबा: आधी चहा घे. सकाळपासून मांजराच्या दवाखान्यात ताटकळलीयस.

सून: चहा नको. रिकामी होती का?

बाबा: होत आली होती.

सून: होत आली म्हणजे?

बाबा: म्हणजे तिने वास घेतला. कडेला एकदा जीभ लावली. मग पंजाने फरशी खरवडत बसली, वाटी पुरून टाकायची असल्यासारखी. आता ह्याला खाणं म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

सून: म्हणजे खाल्लं नव्हतं. आणि मी विचारलं, "खाल्लं ना हिने?" तेव्हा तुम्ही मान हलवलीत.

बाबा: मान काय, अशीच हलली.

सून: तुमची मान अशीच हलली आणि मी इन्सुलिनची पूर्ण सुई टोचली, बाबा. पोटात कण नाही आणि वरून औषध. साखर पार तळाला गेली. मांजर कपाटाला धडका देत होती, पाय लटपटत होते. मी तिच्या हिरड्यांना मध चोळतेय आणि तुम्ही दारात उभे राहून मला विचारता, "हिला झालं तरी काय?"

बाबा: तेव्हा मला खरंच कळलं नव्हतं. वाटीचा आणि सुईचा संबंध माझ्या डोक्यात आलाच नाही.

सून: महिनाभर मी दुसरं काय सांगतेय? खाल्लं तरच पूर्ण सुई. नाही खाल्लं तर डॉक्टरांना विचारून, कमी. भिंतीला सांगितलं असतं तर भिंतीला पाठ झालं असतं.

बाबा: मग नाही खाल्लं तर सुई देऊच नये. सोपं आहे.

सून: सोपं? सुई नाही म्हणून साखर चढते, साखर चढली की हिला मळमळतं, मळमळतं म्हणून खात नाही, आणि खात नाही म्हणून सुई नाही. फिरा गोल गोल. मी हात टेकलेत आता.

बाबा: मळमळ, मळमळ. अगं, मांजर आहे ती. मांजराला कसली मळमळ? खाणं मनासारखं नसेल. मी कँटीनमध्ये एकतीस वर्षं शेगडीपुढे काढलीत. हजार माणसांचा कारखाना. लोक संपावर गेले तरी जेवायला आत यायचे.

सून: ती कारखान्यात नाहीये, बाबा. ती सारखी ओठ चाटते, काही नसताना गिळते, वाटीपर्यंत हौसेने जाते आणि तोंड फिरवते. ह्याला मळमळ म्हणतात. आणि तुम्ही काय केलंत परवा? पाच वाट्या मांडल्यात. कोंबडी, मासा, काळीज, अंडं आणि ते कसलंसं पांढरं.

बाबा: तो माशाचाच रस्सा, फक्त गाळलेला. पसंत पडेल ते खाईल म्हटलं.

सून: एखाद्याला उलटी येतेय आणि तुम्ही त्याच्या नाकाखाली पंगत मांडलीत. बरं, काळजाचं सूप तरी आवडायचं तिला. ते तरी हातात होतं. आता त्याच्या वासाने पलंगाखाली जाते. का जाते, सांगा बरं?

बाबा: मला काय ठाऊक?

सून: चोराच्या मनात चांदणं. सांगा.

बाबा: गोळी घातली होती त्यात. तीच तुझी मळमळीची. तू तिचा जबडा उघडून गोळी टाकतेस ते मला बघवत नाही. म्हटलं, कुटून मिसळली तर कळणारसुद्धा नाही. मी स्वतः चाखून पाहिलं.

सून: तुम्ही मांजराचं औषध चाखलंत?

बाबा: चव घेतल्याशिवाय मी आजवर कुणाला वाढलं नाही.

सून: आणि कशी होती?

बाबा: कडू होती. थोडी.

सून: थोडी. माणसाला थोडी, मांजराला विषासारखी. बया आता सूप दिसलं की समजते, ह्यात कपट आहे. एक पदार्थ उरला होता, तोही गेला. थांबा, फोन वाजतोय. डॉक्टरबाई आहेत. तुम्हीही ऐका, स्पीकरवर टाकते.

डॉक्टर: घरी पोहोचलात? आता कशी आहे?

सून: टेबलाखाली बसलीय. ओठ चाटतेय अजून, पण आधीपेक्षा कमी.

डॉक्टर: मी दिलेलं मळमळीचं इंजेक्शन आता लागू पडेल. नीट ऐका. एकच वाटी, चमचाभर खाणं, डब्यातलं साधं. गरम नको, आत्ता तिला वास जितका कमी तितका बरा. स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. वाटी ठेवायची आणि निघून जायचं, समोर उभं राहून विनवण्या नकोत. पंधरा मिनिटांत नाही खाल्लं तर वाटी उचला. दोन तासांनी नवी. औषध खाण्यात अजिबात मिसळायचं नाही.

सून: ऐकलंत ना, बाबा?

बाबा: ऐकतोय.

डॉक्टर: मी सांगेपर्यंत सुई नाही. संध्याकाळी मला नेमकं सांगा, किती खाल्लं. अंदाज नको. काहीच गेलं नसेल तर घेऊन या, रात्री ठेवून घ्यावं लागेल. भरवायला मानेतून नळी घालू. तिच्या वयाला भूल देणं मला आवडणार नाही, पण उपाशी ठेवणं त्याहून वाईट. कळवा मग.

बाबा: मानेतून नळी?

सून: हो. आणि मला अर्ध्या तासात दुकान उघडायचंय. मालक गावाला गेलाय, तीन गिऱ्हाइकांचे चष्मे आज द्यायचेत. आता सांगा, हिला कुणावर सोडून जाऊ?

बाबा: मी आहे ना.

सून: तुम्हीच आहात, हीच तर पंचाईत आहे.

बाबा: एवढं बोलू नये, पोरी.

सून: बोलणार. ही तुमच्या मुलाच्या आधीपासून माझी आहे. भाड्याच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. लग्न करून आले तेव्हा ह्या घरात माझ्या ओळखीचं एवढं एकच तोंड होतं. काल ते माझ्या मांडीवर गार पडत चाललं होतं. मला एवढंच सांगा, वाटी का धुतलीत? दुसरं काही नको. का?

बाबा: कँटीनमध्ये भरलेलं ताट परत आलं ना, की ते आधी माझ्या हातात यायचं. साहेबाच्या नजरेला पडायच्या आत मी ते मोरीत नेऊन धुवायचो. पोऱ्यांनासुद्धा धुऊ द्यायचो नाही. इतकी वर्षं हात तेच शिकले. काल ती वाटी तशीच्या तशी परत आली. तू येऊन बघणार, तुझा चेहरा पडणार, आणि मी तिथेच उभा. मला लाज वाटली.

सून: मांजराने खाल्लं नाही ह्याची लाज?

बाबा: माझ्या हातचं खाल्लं नाही ह्याची. घरी बसल्यापासून माझ्या हातचं मागून खाणारं तरी कोण राहिलंय? तुम्ही दोघं डबा नेता, निम्मा परत आणता. ही एकच होती, पायात घोटाळायची, शेगडी पेटवली की धावत यायची.

सून: मी डबा निम्मा आणते कारण तुम्ही दोघांचं भरता.

बाबा: असेल.

सून: मी निघते. मला वाटी दिसली पाहिजे, बाबा. भरलेली तर भरलेली.

बाबा: दिसेल.

(संध्याकाळ. सून दुकानातून परतली आहे. बाबा बाहेर जिन्यात बसले आहेत.)

सून: इथे का बसलात? ती कुठे आहे?

बाबा: आतल्या खोलीत. मी आत असलो की मला राहवत नाही, सारखा डोकावतो. म्हणून इथे. वाटी ठेवली की बाहेर, पंधरा मिनिटांनी आत.

सून: घरात कसलाच वास नाही.

बाबा: शेगडी पेटवलीच नाही. वासाने तिला त्रास होतो म्हणालात ना तुम्ही दोघी.

सून: मग दिवसभर खाल्लंत काय?

बाबा: केळी. तिच्या डब्याला हात लावला नाही, घाबरू नकोस. चवसुद्धा घेतली नाही.

सून: बाबा, वाट्या?

बाबा: ओट्यावर आहेत. ओळीने मांडल्यात, जशा परत आल्या तशा. ही पहिली, हिला शिवलीसुद्धा नाही. ही दुसरी, हुंगली आणि गेली. तिसरीत फक्त मिशा बुडवल्या. आणि ही चौथी. हिच्याबद्दल मी काही सांगत नाही. तूच बघ.

सून: एवढंच उरलंय? चमच्यातलं?

बाबा: सांडलंय का ते पाहायला मी फरशीवर आडवा झालो होतो. सांडलेलं नाही. नंतर तोंड पुसत बसली होती.

सून: थांबा. आधी डॉक्टरांना सांगू दे. हॅलो? हो, खाल्लं. एका चमच्यातलं अर्ध्याहून जास्त. नाही, अंदाज नाही, वाटी समोर आहे माझ्या. हो. बरं. परत एकदा वाढून, खाल्लं तर कमी मात्रा, आणि साखर तपासून तुम्हाला फोन. म्हणजे आज आणायला नको ना? बरं. ठेवते.

बाबा: नळी?

सून: आज नाही. उद्याचं उद्या.

बाबा: मग पाचवी वाढतो. डब्यातलंच, चमचाभर. आणि ह्या धुऊन टाकू का आता? ओट्यावर बरं दिसत नाही.

सून: तीन धुवा, बाबा. चौथी राहू दे.