दोन डाउट

आम्ही मूळचे इचलकरंजीचे. वडील यंत्रमागावर कामाला, आई सुताच्या कांड्या भरायची, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. पण वडिलांची खरी ओळख कबड्डीची. गल्लीतल्या जुन्या मंडळाशी त्यांचं बिनसलं आणि सात जण घेऊन त्यांनी दुसरं मंडळ काढलं. पहिल्या वर्षी जिरवायचीच म्हणून जुन्यांशी भांडले, त्यांच्याच दिवसांत त्यांच्याच मैदानाशेजारी सामने ठेवले आणि पार आपटले, बघायला कुत्रं आलं नाही. दुसऱ्या वर्षी वडील गुमान जुन्या मंडळाच्या अण्णांकडे गेले, म्हणाले, अण्णा, तुमची जी पोरं नुसती कडेला बसून असतात ती तुमचे सामने संपले की आम्हाला द्या, खेळवून तयार करून परत आणून सोडतो. अण्णा हसले, पण पोरं दिली. ते मंडळ पुढं वीस वर्षं चाललं. हे एवढं लांबून का सांगतोय ते कळेल तुला.

सिंगापूरला आलो ते चांगी बिझनेस पार्कमधल्या एका लहान कंपनीत. पुंगोलला भाड्याचा फ्लॅट, बायको वैशाली, आणि मुलगी स्वरा प्राथमिक दुसरीला. दोन हजार अठराच्या दिवाळीनंतर कंपनीला अमेरिकेतलं एक काम मिळालं. तिकडे फुटबॉलची, म्हणजे त्यांच्या त्या शिरस्त्राण घालून धडका देण्याच्या फुटबॉलची, नवी लीग निघणार होती, जुन्या मोठ्या लीगला टक्कर द्यायला. मैदानावरून एकेक खेळीची माहिती यायची, ती तपासून आम्ही ॲपवर सोडायची. माझी बॉस मिस लिम, तिनं आधीच सांगून ठेवलं होतं की हे काम टिकलं तरच तुझा इथं राहून काम करायचा पास पुढं वाढेल, दुसरं काम माझ्याकडे नाही. म्हणजे ती लीग जगली तर आम्ही इथं राहणार, असं सरळ होतं ते.

तिकडची शनिवारची संध्याकाळ म्हणजे आमची रविवारची सकाळ. ऑफिसात बसून बघता बघता मला खेळ कळायला लागला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाही जमलं तर चेंडू दुसऱ्याला. वडिलांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, म्हणजे आपली चढाईच की रे, नुसता चेंडू घेऊन. पण तिसऱ्याच आठवड्यात पडद्यावर रिकाम्या खुर्च्या दिसायला लागल्या. काय सांगू तुला, त्या खुर्च्यांत मला वडिलांच्या मंडळाचं पहिलं वर्षच दिसत होतं.

मग मी मेल लिहिला. लीगकडून आमच्याशी बोलायला एक मॅनेजर होता, त्याला. आपल्याकडे कॉलेजात काय म्हणतात, सर, एक डाउट आहे. म्हणजे विचारायचंय काहीतरी, एवढंच ना? शिंक यावी तसा तो शब्द येतो आपल्या तोंडात. मी लिहिलं, तुमच्या लीगबद्दल मला दोन डाउट आहेत, कृपया क्लिअर करावेत. पहिला, जुन्या लीगचा हंगाम संपल्यावर त्यांचे जे खेळाडू वर्षभर बाकावर बसलेले असतात ते मागून घेता येतील का, खेळवून उन्हाळ्यात परत द्यायचे. दुसरा, देशभर आठ संघ विमानानं फिरवण्यापेक्षा बसनं जाता येईल अशा चारच गावांत सुरुवात केली तर? मी दोनदा वाचून पाठवलं. मला अभिमानच वाटला, खरं सांगतो.

दुसऱ्या दिवशी मिस लिमनं काचेच्या खोलीत बोलावलं. तो मेल तिच्याकडे परत आलेला. तिनं विचारलं, गिऱ्हाइकाला तू लिहून कळवतोस की तुझा त्यांच्यावर भरवसा नाही? मी म्हटलं, नाही मॅडम, मला विचारायचं होतं. ती म्हणाली, मग विचार, डाउट कशाला घेतोस. मॅनेजरनं पहिली ओळ वाचून खाली काय आहे ते बघितलंच नव्हतं. मला पुन्हा त्यांना लिहायची बंदी झाली. माफीचा मेल मिस लिमनंच लिहिला, आणि त्यात माझे दोन्ही प्रश्न काढून टाकले.

हंगाम अर्ध्यावर असताना लीग बंद पडली. मंगळवार होता. दुपारी जेवून आलो तर मिस लिम माझ्या खुर्चीपाशी उभी होती. बिचारी वाईट वागली नाही, पण पास रद्द झाला, तीस दिवसांत निघायचं.

तेव्हापासून डोक्यात एकच चालू आहे. शब्द बदलला असता तर? क्वेश्चन लिहिलं असतं तर त्यानं खाली वाचलं असतं, कुणाला तरी दाखवलं असतं. वैशाली म्हणते, अहो, तुमच्या मेलनं का अमेरिकेतली लीग वाचणार होती, तिथली एवढी मोठी माणसं खुळी आहेत काय? असेल तिचं बरोबर. मग तीच म्हणते, पण तुम्हाला काय म्हणायचंय ते विचारायला काय झालं होतं त्यांना. मला तर वाटतं, इतकं शिकून मी वडिलांपाशीच कमी पडलो. त्यांनी अण्णांच्या दारात उभं राहून चार शब्दांत सांगितलं आणि अण्णांना कळलं. मला एवढ्या इंग्रजीत सांगता आलं नाही.

स्वराच्या शाळेत परवा दाखला मागायला गेलो. येताना एलआरटीच्या छोट्या गाडीत ती इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, पप्पा, सो हू विन? मी विचारलं, काय? म्हणाली, ती तुझी लीग. मी म्हटलं, कोणीच नाही बाळा, मधेच थांबली ती. त्यावर ती म्हणाली,

“कॅनॉट लाइक दॅट लाह. स्टार्ट ऑलरेडी, मस्ट फिनिश.”

एलआरटीतली एक चिनी आजी तिच्याकडे बघून हसली.

ते खेळणारेही असेच कुठंतरी आपापल्या गावी सामान घेऊन परत गेले असतील, त्यांचं बरं होवो. तू इथं नुकता शिकायला आलायस, तुझंही होवो. आमचं गुरुवारचं विमान आहे.