कातळाचं वय आणि इनास मास्तर

फादर, हेडमास्तरसाहेब, रोझावहिनी, त्यांची लेक मारिया, गावठाणातली मंडळी आणि मुलांनो,

बाकं कमी पडलीत. कितीतरी जण व्हरांड्यात उभे आहेत. इनास मास्तरांवर चार शब्द बोला, असं हेडमास्तर म्हणाले तेव्हा मी नको म्हटलं होतं. दुसरं कोणीही बोलेल, म्हटलं. पण गप्प बसण्याचं पाप माझ्या हातून आधीच पुष्कळ झालंय. म्हणून उभा राहिलो. मध्येच अडलो तर सांभाळून घ्या.

तुम्ही त्यांना मास्तर म्हणता. मी इनास म्हणायचो, तो मला सावंत म्हणायचा. अकरा वर्षं या शाळेत आम्ही बरोबर होतो. तो मराठी शिकवायचा, मी विज्ञान. रविवारी तो चर्चमध्ये मुलांना धर्माचे धडे द्यायचा. मी मालवणकडचा, गणपतीपुरता भाविक. तरी आमचं जमलं. शाळा सुटली की दोघं चालत निघायचो, भाताच्या खाचरांच्या कडेनं, गावदेवीच्या टेकडीखालून.

टेकडीचा तो काळा कातळ तुम्ही रोज बघता. एक दिवस त्याच्याखाली इनास थांबला. म्हणाला, "सावंत, ह्याचं वय काय रे?"

मी म्हटलं, "काही कोटी वर्षं."

तो हसला नाही, चिडला नाही. म्हणाला, "माझ्या बायबलच्या हिशेबात तर जगालाच एवढं वय नाही."

महिनाभर तो हाच विचार करत होता, मंडळी. मग एका संध्याकाळी मला गाठून म्हणाला, "सुचलं! देवानं आदाम घडवला तो तान्हा घडवला का? नाही ना? चांगला दाढीमिशीचा बाप्या घडवला. त्या दिवशी एखाद्या डॉक्टरनं त्याला तपासला असता तर काय म्हणाला असता? तीस वर्षांचा. आणि खरं वय किती? एक दिवस! मग कातळ का नाही तसा? नवाच, पण जुना दिसणारा."

काय उजळला होता त्याचा चेहरा! मला तेव्हा फक्त हसू आलं. आज कळतं, त्याला कातळही खोटा पाडायचा नव्हता आणि देवही. दोघांना एका घरात नांदवायची धडपड होती ती. माझी अशी धडपड कधी झालीच नाही. मी पुस्तकात वाचलं आणि मोकळा झालो.

मुलांनो, तुमच्यातल्या मोठ्यांना आठवत असेल, त्या वर्षी आपण याच हॉलमध्ये वादविवाद ठेवला होता. सृष्टीचं वय. इनासला मीच आग्रह करकरून उभा केला. तो नको म्हणत होता. "आपल्या दोघांतलं आहे ते, सावंत," म्हणाला. मी ऐकलं नाही.

तो छान बोलला. आदामाचं सांगितलं, मुलं कान देऊन ऐकत होती. मग मी उठलो. खिशातून एक दगड काढला. वरळीकडे खणताना निघालेला, एका स्नेह्याकडून आणलेला. त्यावर बोटाएवढ्या बेडकाचा ठसा होता. हाडन् हाड दिसत होतं. तो मी इनासच्या हातात दिला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मास्तर, हा बेडूक जगला की नाही? पाण्यात उडी मारली की नाही यानं? की तुमच्या देवानं मेलेलाच बेडूक घडवून दगडात दडवला, आम्हाला फसवायला?"

मागून कोणीतरी "डराव" केलं. हॉल हसला. फादर, तुम्ही हसला नव्हता. मी हसलो होतो. माझ्या मित्रावर मी हसलो.

इनासनं दगड उजेडात धरून नीट पाहिला. म्हणाला, "मला ठाऊक नाही." आणि खाली बसला.

"मला ठाऊक नाही." मंडळी, हे वाक्य म्हणायला किती बळ लागतं? इतक्या वर्षांत वर्गात मी एकदाही म्हटलेलं नाही.

पुढे मुलं त्याला बेडूक मास्तर म्हणू लागली. तुम्ही लहान होता, तुमचा दोष नाही. शिकवलं मी. मी एका शब्दानं कोणाला दटावलं नाही. संध्याकाळी मी दुसऱ्या रस्त्यानं घरी जाऊ लागलो. क्षमा मागायची तर मान खाली घालावी लागते, आणि माझी मान ताठ. चार वर्षं गेली अशी. एकाच शाळेत, एकाच स्टाफरूममध्ये, चार वर्षं!

मग त्याचं दुखणं आलं. रजा लागली. मी बघायला गेलो नाही.

गेल्या महिन्यात एका दुपारी खिडकीतून पाहिलं, तर तो आमच्या घराकडे येत होता. काठी टेकत. अर्धा उरला होता. मी बायकोला म्हटलं, "नाही म्हणून सांग." आणि आतल्या खोलीत जाऊन बसलो. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं. तो तिला म्हणाला, "वहिनी, सावंतला सांगा, तो बेडूक जगला होता. देव खोटा बेडूक कशाला करील? एवढं मला पटलं. बाकीचं अजून जुळत नाही. एकदा येऊन बस म्हणावं."

बघा मंडळी, चार वर्षं तो त्याच प्रश्नापाशी होता. आणि सोबतीला त्याला मीच हवा होतो.

रविवारी जाऊ, असं ठरवलं मी. गुरुवारी चर्चची घंटा वाजली.

मातीच्या दिवशी रोझावहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, ते तुमच्याकडे आले होते. तुम्ही बाहेर होतात. फार हळहळले." वर माझीच समजूत घातली, "कामात असाल तुम्ही."

वहिनी, मी बाहेर नव्हतो. मी घरात होतो. हे तुम्हाला एकटीला सांगता आलं असतं. पण त्याचा अपमान मी चारचौघांत केला, तेव्हा हेही चारचौघांतच सांगायला हवं. मला क्षमा करा असं म्हणत नाही. ज्यानं करायची तो गेला.

इनास, तुझ्या प्रश्नाचं बाकीचं उत्तर मलाही ठाऊक नाही रे. कातळाचं वय मला सांगता येतं, त्याच्या आधीचं काही सांगता येत नाही. हे तुला सांगायला हवं होतं.

मंडळी, आता दोन मिनिटं शांत उभे राहू या. ज्यांना प्रार्थना येते त्यांनी त्याच्यासाठी करावी. माझ्यासारख्या ज्यांना येत नाही, त्यांनी आपल्या एखाद्या जिवंत मित्राची आठवण काढावी, आणि इथून निघाल्यावर सरळ त्याच्या घरी जावं.