धर्मपालचं थांबणं

निधी : चालू झालं न बाबा! बघा, कमांड दिली की लगेच स्क्रीनवर होकार, 'हव'.

नरहरी : तेच तं बिघडलं.

निधी : अरे! तीन महिने घातले मी. तुमच्या जुन्या प्रोसेसरची भाषा याला ओ की ठो कळत नाही, एकेक ओळ नव्यानं लिहिली. आता तुमची ती छोटीशी सिस्टीम या नव्या मशीनच्या आत पाहुणी बनून आरामात चालते. और क्या चाहिए?

नरहरी : रागावू नको व. काम एक नंबर केलं तू. पण हा धर्मपाल नाई. पाच वाजता मीराबाई येऊन राहिली बूढ़ापारा मोहल्ल्यातून, तिले काय दाखवू?

निधी : धर्मपाल अंकल? तुमच्या पॉलिटेक्निकच्या लॅबमधले?

नरहरी : तोच, तिचा नवरा. आपलं हे राज्य नवीन झालं त्या साली आम्ही दोघांनी ही सिस्टीम बनवली. त्याले काहीही सांग, आधी थांबे, मंग म्हणे 'हव'. हातातली तार खाली ठेवल्याबिगर बोलतच नव्हता पठ्ठ्या. तो गेला, तवा मी त्याचं ते थांबणं आत टाकलं. तू काहून काढलं?

निधी : ती रिकामी मोजणी? उत्तर देण्याआधी चाळीस लाखांपर्यंत नुसतं मोजायचं, करायचं काहीच नाही... मला वाटलं बेकार आहे, उडवून दिली. सॉरी, बाबा.

नरहरी : तुले काय मालूम? मीच कधी बोललो नाई.

निधी : परत टाकते. पण हे मशीन तेवढं चुटकीसरशी मोजेल, जुना आकडा चालणार नाही. कितने सेकंद रुकते थे?

नरहरी : घड्याळ लावून कोण बसलं होतं? अन् जुनं मशीन तं जळलं. याच्यासाठीच तं जीव तुटून राहिला माझा.

निधी : मग असं करू. मी काम सांगते, तुम्ही त्यांच्यासारखं उत्तर द्या. मोबाइलवर वेळ लावते. हां... धर्मपाल भैया, चार नंबर टेबल की तार बदल दो.

(नरहरी चष्मा काढतात, घडी करतात, टेबलावर ठेवतात.)

नरहरी : हव.

निधी : सव्वाचार सेकंद.

नरहरी : एवढंच? मले तं लय वाटे.

निधी : टाकलं. आता कमांड तुम्हीच द्या.

नरहरी : दिली.

निधी : काहीच येत नाही. फिर अटक गया क्या?

नरहरी : थांब व. तार ठेवून राहिला तो.