त्रान्सितोचे चार दुवे

चार! तुम्हाला सांगतो, माणसानं एक्केचाळीस वर्षं अख्खं गाव नावेतून नदीपार केलं, आणि तो साचा म्हणतो काय, तर चार... आता आमच्या वाचनालयानं गावाचं विकी काढलंय, म्हणजे गावाबद्दल कुणीही लिहावं आणि इतरांनी ते सुधारण्याच्या नावाखाली बिघडवावं. मी आपला त्रान्सितोवर लेख लिहिला. माझा दोस्त, मार्चमध्ये गेला. रविवारी नव्या धक्क्याचं उद्घाटन, त्या दिवशी तो पहिल्या पानावर यावा, त्याच्या बायकोनं, कासिल्दानं बघावा, एवढंच. फार मागितलं का हो?

तर वाचनालयाच्या ओलिंदाबाई. माते नावाच्या कडू चहाची नळी तोंडातून न काढता म्हणाल्या, "वाल्देमारकाका, पहिल्या पानाला बारा अंतर्गत दुवे हवेत, नियम आहे." दुवा म्हणजे निळा शब्द, दाबला की विकीतलंच दुसरं पान उघडतं. आणि ते मोजायला साचा, म्हणजे विकीतलंच आपोआप मोजणारं यंत्र. लेख त्यात चिकटवायचा, तो आकडा ओकतो. चिकटवला. चार!

म्हटलं, बाई, वाचलात का लेख? पुरात त्यानं शाळेतली सगळी पोरं पलीकडे पोचवली, एका हातानं वल्हं, एका हातानं पाणी उपसणं... तर म्हणाल्या, वाचायला वेळ कुठाय, साचा मोजतो की.

"त्याला काय कळतं?"

"चौकोनी कंस. शब्दाला कंस घातला की झाला दुवा."

बरं, घातले कंस. पूर, शाळा, वल्हं, संत्री, दिसेल त्या शब्दाला. एकोणीस! पण ती पानंच नव्हती ना विकीवर, सगळे दुवे लाल. बाईंनी एकेक उपटला. परत साचा. परत चार!

मग काय, बसलो पानं लिहीत. पुरावर एक. शाळा, वल्हं, संत्री, नाव, प्रत्येकावर एकेक. जुन्या धक्क्यावर एक. तिथं तोर्ता फ्रिताच्या जाड पुऱ्या तळणाऱ्या पेत्रोनावर एक, ती म्हणाली वय कमी लिही, लिहिलं. शेवटी नावेवरच्या कुत्र्यावरही लिहिलं. तो मेला गावभर हुंदडायचा, त्यामुळे बेकरी, चर्च, पोलीसठाणं, सगळ्यांचे दुवे त्याला आपसूक! शनिवारी त्रान्सितोचे भरले बारा. मी खुर्चीतच डोळे पुसले, खोटं कशाला बोलू.

आणि रविवारी धक्क्यावर मोठा पडदा, त्यावर पहिलं पान, आणि पानावर कोण? कुत्रा. बाई म्हणाल्या, बारा म्हणजे नुसती पात्रता हो काका, निवड जास्तवाल्याची, त्याचे तेवीस आहेत.

कासिल्दानं कुत्र्याचा लेख शेवटपर्यंत वाचला. मार्चनंतर पहिल्यांदा हसली. म्हणाली, "बरं झालं. त्याला पडद्यावर बघवलं नसतं मला."

तेवढ्यात फीत कापायला राजधानीहून आलेले साहेब पडद्याशी गेले. म्हणाले, "छान कुत्रा. पण हा त्रान्सितो कोण? नऊ वेळा निळ्या अक्षरांत आलाय. त्याच्यावरही लिहा की कुणीतरी."

निळ्या अक्षरांत हो... नुसतं दाबायचं होतं.

म्हटलं, लिहितो साहेब.