सीपीयूच्या डब्यातला कांदा

तुम्ही हसाल, पण मागच्या मे महिन्यात माझ्या कंप्युटरले ऊन लागलं होतं!

मी घरीच लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. संध्याकाळी नवरीचे वडील व्हिडिओ घ्यायले येणार होते, अन् कंप्युटर दर दहा मिनिटांनी बंद पडून राहिला होता. टेम्परेचर दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं, तं आकडा सत्त्याण्णव!

आईनं विचारलं, "काहून ओरडून राहिला गा?"

"सीपीयू तापला वं आई. सत्त्याण्णव डिग्री!"

"अरे बापा! मंग तं ऊन लागलं त्याले."

मी वैतागून कंप्युटर बंद केला, वायर काढली अन् जेवायले गेलो. येऊन सुरू केला, तं आकडा पासष्टच्या वर जाईच ना! व्हिडिओ वेळेत झाला, नवरीचे वडील खूश होऊन गेले. मंग खाली वाकून पाहतो, तं सीपीयूच्या डब्याचं झाकण उघडं अन् आत एक कांदा!

"आई, हे काय वं?"

"उन्हात जाताना आपण खिशात कांदा ठेवतो का नाही? याले खिसा नाही, म्हणून आत ठेवला. पण पंख्यावर बोटभर धूळ होती, ते पहिले ब्रशनं काढली."

मी हसत सुटलो. "आई, धूळ निघाली म्हणून थंड झाला तो. कांद्यानं काही होत नाही."

आई शांतपणे म्हणे, "चार वर्षं झाली कंप्युटर घेऊन. धूळ काढाचं तुले एकदा तरी सुचलं का? कांद्यापायीच निघाली ना ते?"