शेवळाच्या शेजारी काकड

(अंबाडीजवळच्या पाड्यावरचं घर, सकाळ. ओट्यावर धाकली आणि तिचा नवरा काळूराम बाजारासाठी भाजीच्या जुड्या बांधतायत. त्यांची मुलगी रोशनी समोर बसलीय. बापलेक काल मुंबईचं विद्यापीठ बघून आलेत.)

धाकली : आन मंग? कपाटांत काय व्हतं?

काळूराम : झाडं! सुकवून कागदावर चिकटवलेली. आमच्या गोदामात खोक्यांच्या रांगा असतात ना, तशा कपाटांच्या रांगा. काही कागद तर माझ्या आज्याच्याबी आदले. पानाची शीर न् शीर जागच्या जागी. मी चपला भायेर काढल्या.

रोशनी : बाकी कुणीच काढल्या नव्हत्या, बाबा.

काळूराम : नसतील. मला काढाव्याशा वाटल्या.

धाकली : तुमचं ऱ्हाऊ द्या. दोन वर्सं पोरीला काढायचीत तिथं. तुला कसं वाटलं गो?

रोशनी : मोठं वाटलं, आये. वाचायच्या खोलीत आपला आख्खा पाडा बसेल. दोनशे जण बसलेले, तरी पान उलटल्याचा आवाज येतो. आणि त्यांचा मायक्रोस्कोप! पानाच्या पोटाला बारीक बारीक तोंडं असतात, त्यातून झाड श्वास घेतं. परीक्षेत किती वेळा चित्र काढलंय मी त्याचं. काल एक तोंड माझ्या डोळ्यासमोर हळूच मिटलं. मला जागचं हलवेना.

धाकली : मंग सकाळधरनं फोन धरून का बसलीस? येनार का न्हाय ते बाराच्या आत सांगायचंय ना त्यांना?

रोशनी : मी भिवंडीतच करते एमएस्सी. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी.

काळूराम : काल येतानापन हेच. कारण इचारलं तर खिडकीतनं भायेर बघते.

रोशनी : तिथं सगळे भराभर इंग्रजीत बोलतात.

धाकली : भिवंडीला गेलीस तवा हिंदी तरी येत व्हती का? दोन म्हैन्यांत लूमवाल्यांच्या पोरींसंगं भांडायला लागलीस. खरं काय ते बोल.

रोशनी : बाबांनी शेवळाचं सांगितलं तुला?

काळूराम : सांगणारच व्हतो. तिथं शिकवणाऱ्या एक मॅडम, त्यांनी शेवळाचा कागद काढला, बघायला आलेल्या पोरांना दाखवला. मी दारात उभा. माझ्या तोंडातनं निगालं, ह्याच्या शेजारी काकड का न्हाय ठेवलं?

धाकली : अगं बया! तेवढ्या मानसांत?

काळूराम : निगालं, काय करू? काकडाच्या आंबट फळांबिगर शेवळाची रानभाजी शिजवली तर घशाला खाज सुटते, आपल्यात पोरंसोरं सांगतील. तिथली पोरं हसली. मॅडम न्हाय हसल्या. खुर्ची दिली मला. काकड पार दुसऱ्या टोकाच्या कपाटात, तिथनं आणलं, दोनी कागद शेजारी मांडले, म्हणल्या, आता परत सांगा. मी सांगतोय आन ती बाई लिवतेय! मंग मीच इचारलं, काकड असं काय करतं शेवळाला? तर म्हणल्या, मला म्हाईत न्हाय, शोधायला पायजे. येवढ्या कपाटांत उभी ऱ्हाऊन म्हणते, मला म्हाईत न्हाय! शिकलेल्या मानसाच्या तोंडून मी हे कदी ऐकलं नव्हतं.

रोशनी : पुढचं मी सांगते. शेजारच्या मुलीनं मला विचारलं, ये कौन है, यहाँ का माली है क्या? मी म्हटलं, पता नहीं.

धाकली : बापाला?

रोशनी : हो. एका तासात, आये. दोन वर्षांत ती जागा काय करून ठेवील माझं?

काळूराम : मी ऐकलं व्हतं ते.

रोशनी : ऐकलंत? आणि तरी स्टेशनवर मला वडापाव घेऊन दिलात?

काळूराम : तुला भूक लागली व्हती. आन मी तरी काय केलं? गेटवरच्या वॉचमननं इचारलं, कुणाबरोबर? तुझ्या बाजूला त्या चांगल्या कपड्यांतल्या पोरी. मी म्हणलो, असाच आलोय, कुणाबरोबर न्हाय.

धाकली : दोगंबी येडे! आन गो, भिवंडीत पयल्या वर्साला काय सांगायचीस? कुठली तू?

रोशनी : ...अंबाडीची.

धाकली : पाड्याचं नाव घेत व्हतीस?

रोशनी : नाही.

धाकली : मंग त्या जागेला कशाला नावं ठेवतेस? ते तुझ्या पोटातलं भ्या हाय. हितं ऱ्हायलीस तर हितंच वाढंल.

काळूराम : तिला रडवू नको.

धाकली : रडू दे. पन ते मायक्रोस्कोपचं सांगताना तिचं तोंड कसं झालं, बघितलं का तुमी? मी तरी तिला असं कदी बघितलं न्हाय.

रोशनी : गप्प बसा जरा दोघं. लागला फोन... हॅलो, मॅडम? मी रोशनी, काल आले होते. हो, अंबाडीच्या पुढचा पाडा, तिथली. मॅडम, मी येणारेय... हो, नक्की. आणि मॅडम, अजून एक सांगायचं होतं. काल ते काकडाचं सांगत होते ना... ते माझे वडील.

काळूराम : काय म्हणल्या?

रोशनी : म्हणतायत, त्यांना द्या फोन.

काळूराम : थांब. हात धुऊन येतो.